मी बाळंत होणार नाही, मग आईपणाचे हार्मोन माझ्यात येतील का?

प्रश्न, थोडक्यात: फोंड्याहून एका 34 वर्षांच्या बाईंनी लिहिलं आहे. त्या आणि त्यांची जोडीदार बरीच वर्षं एकत्र राहतात. दात्याचे शुक्राणू वापरून जोडीदाराला दिवस गेले, आता पाचवा महिना चालू आहे. त्या विचारतात, ‘तिच्यात रोज काहीतरी बदलतंय, माझ्यात काहीच नाही. त्यात मला पीसीओएस (बीजकोशांचा, हार्मोन बिघडण्याचा त्रास), टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन थोडं वरच असतं. बाळ आल्यावर मला माया वाटेल ना? ऑक्सिटोसिन, प्रोलॅक्टिन, टेस्टोस्टेरॉन तपासून घेऊ का? मलाही दूध येण्याचं औषध असतं म्हणतात, ते घेऊ का? आणि एकत्र राहून तिचे हार्मोन मला “लागतात” का?’

उत्तर:

आधी तपासण्यांचं सांगते, कारण त्यात तुमचे पैसे जायचे आहेत. करू नका.

ऑक्सिटोसिन, ज्याला लोक मायेचं हार्मोन म्हणतात ते, रक्तात जेमतेम काही मिनिटं टिकतं आणि तेही थांबून थांबून स्रवतं. सुई टोचली त्या क्षणी ते वर होतं की खाली, यावर सगळा आकडा अवलंबून. शिवाय रक्तातलं ऑक्सिटोसिन मेंदूत सहजासहजी शिरत नाही. मेंदू आपलं वेगळं सोडतो, आणि माया-बिया जे काही म्हणायचं ते तिथे घडतं. मोजण्याची पद्धत बदलली की एकाच नमुन्याचा आकडा कित्येक पटींनी वेगळा येतो. बऱ्याच लोकांची सरासरी काढणाऱ्या संशोधकाला हे कसंबसं चालतं, पण तुमच्या एकट्या रिपोर्टवरून कुणालाही काही सांगता येणार नाही. नाकात मारायचे ऑक्सिटोसिनचे स्प्रे इंटरनेटवर विकायला असतात, त्यांच्या नादाला लागू नका. आपल्याकडे हे नाव लोकांना माहीत झालं ते म्हशीने पान्हा सोडावा म्हणून चोरून टोचतात त्या इंजेक्शनमुळे. तिथूनच बहुधा ‘टोचलं की माया येते’ अशी काहीतरी समजूत पसरली असावी.

प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध बनवणारं हार्मोन, आम्ही तपासतो ते पाळी बंद झाली किंवा अवेळी स्तनातून दूध आलं तर. ताण, झोप, उलटीच्या काही गोळ्या, मनाच्या आजाराची काही औषधं, एवढ्यानेही ते वर जातं. त्यातून आईपण मोजता येत नाही.

टेस्टोस्टेरॉनवर मात्र थोडं थांबू, कारण तुमची खरी भीती तिथे आहे असं मला वाटतं. स्त्रियांमध्ये ते साधारण 15 ते 70 नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर असतं, पीसीओएसमध्ये बहुतेकींचं याच्या वरच्या टोकाला किंवा किंचित पलीकडे. पुरुषांमध्ये 300 ते 1000. म्हणजे तुमचं ‘वाढलेलं’ टेस्टोस्टेरॉन तुमच्या भावाच्या किंवा काकाच्या आसपासही जात नाही, आणि त्यांच्यातल्या कितीतरी जणांनी आपली पोरं रात्र रात्र खांद्यावर घेऊन काढलेली आहेत.

पुरुषांवरचे अभ्यास याच कारणासाठी पाहण्यासारखे आहेत. फिलिपिन्समधल्या सेबू इथे 600 हून अधिक तरुणांचं टेस्टोस्टेरॉन 2005 मध्ये मोजलं आणि साडेचार वर्षांनी पुन्हा मोजलं. मधल्या काळात जे बाप झाले त्यांचं सकाळचं टेस्टोस्टेरॉन मध्यम हिशेबाने 26 टक्क्यांनी, संध्याकाळचं 34 टक्क्यांनी उतरलेलं होतं. जे बाप झाले नाहीत त्यांचं इतकं उतरलं नाही. यातली महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. रोज तीन तास किंवा जास्त वेळ मुलाचं करणाऱ्या बापांचं टेस्टोस्टेरॉन, मुलाचं काहीच न करणाऱ्या बापांपेक्षा कमी होतं. आणि ज्यांचं सुरुवातीला जास्त होतं, तेच पुढे बाप होण्याची शक्यता अधिक होती. म्हणजे सुरुवातीचा आकडा आड आला नाही.

2012 सालचा दुसरा एक प्रयोग मला फार आवडतो. त्यात पुरुषांना रडणारं बाहुलं दिलं होतं. ज्यांनी ते उचललं, थोपटलं, गप्प केलं, त्यांचं टेस्टोस्टेरॉन उतरलं. ज्यांना नुसतं रडणं ऐकवलं आणि करायला काहीच दिलं नाही, त्यांचं चढलं. बाळाचं रडणं ऐकत दाराबाहेर उभं राहणं आणि बाळ हातात असणं यांत शरीराला फरक कळतो.

उगाच भारावून जाऊ नका, म्हणून हेही सांगते. तरुण निरोगी पुरुषांना आठवडाभर रात्री पाचच तास झोपू दिलं तरी टेस्टोस्टेरॉन 10 ते 15 टक्के पडतं. नव्या बापाचा उतरलेला आकडा मायेचा किती आणि जागरणाचा किती, हे वेगळं काढणं अवघड आहे.

आता तुमच्यासारख्या घरांकडे येते. जन्म न देणाऱ्या आईवरचे हार्मोनचे अभ्यास मोजकेच आहेत आणि तेही थोड्याथोड्या जोडप्यांचे, त्यावर मी काही बांधणार नाही. पण दोन गोष्टी भक्कम आहेत. इस्राएलमध्ये पहिल्यांदाच आई-बाप झालेल्या 80 जोडप्यांचं ऑक्सिटोसिन बाळाच्या पहिल्या सहा महिन्यांत मोजलं गेलं, 2010 साली ते प्रसिद्ध झालं. बाळंत झालेल्या आया आणि बाळंत न झालेले बाप यांच्या पातळीत फरक नव्हता. एकाच घरातल्या दोघांची पातळी एकमेकांशी जुळतीही होती.

दुसरा अभ्यास तिथलाच, 2014 चा. त्यात तीन गट होते: मुलाचं मुख्यतः स्वतः करणाऱ्या आया, बायकोला हातभार लावणारे बाप, आणि घरात आई नसताना मूल वाढवणारे समलिंगी बाप. हे शेवटचे 48 जण होते. आपल्या बाळाची चित्रफीत पाहताना सगळ्यांच्या मेंदूची तपासणी केली. आयांमध्ये अमिग्डाला म्हणजे धोका आणि ओढ ओळखणारा आतला भाग जास्त चेतला. हातभार लावणाऱ्या बापांमध्ये कानशिलाकडचा, समोरच्याच्या मनातलं ताडणारा भाग. समलिंगी बापांमध्ये दोन्ही चेतले, आणि त्या दोघांमधला संपर्कही वाढलेला दिसला. सर्व बापांमध्ये मिळून पाहिलं तर हा संपर्क किती, ते बाळाचं प्रत्यक्ष करण्यात किती वेळ जातो त्याबरोबर वाढत गेलं. त्यांच्यातल्या कुणाच्याही पोटात बाळ वाढलं नव्हतं.

तेव्हा तुमच्यात काय बदलेल, ते बाळ हातात किती तास असेल त्यावर ठरेल. आणि नेमके हेच तास आपल्याकडे तुमच्या हातून काढून घेतले जातील, त्याची तयारी आत्तापासून करा.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. जोडीदाराचं माहेर पेडण्यात किंवा काणकोणात असेल तर तुम्ही फोंड्यात एकट्या, रविवारी पिशव्या घेऊन जाणार, बाळ दहा मिनिटं मांडीवर मिळणार, संध्याकाळी परत. माहेरी नाही गेली तरी घरात आजी येते, न्हाऊ घालणारी बाई येते, मावशी येते. बाळ यांच्या हातांत. तुमच्याकडे काय उरतं? गाडी, औषधं, बाजार, डायपर. माझ्याकडे अशा जोड्या येतात त्यांत जन्म न दिलेली आई दीड महिन्याने सांगते, ‘डॉक्टर, मी ह्या घरात ड्रायव्हर आहे.’ हार्मोनचा दोष नाही तिथे. तिला बाळ मिळालेलंच नसतं.

म्हणून आत्ताच, सातव्या महिन्याआधी, घरात बोलून ठरवा. मी सुचवते ते असं. जन्मानंतर बाळ आधी जोडीदाराच्या उघड्या छातीवर, तो तिचा आणि दुधाचा हक्क. पण त्याच दिवशी नंतर अर्धा तास तरी तुमच्या छातीवर, कपडा मध्ये न ठेवता. त्वचेला त्वचा लागली की ऑक्सिटोसिन आयांचंही वाढतं आणि बापांचंही, हे तपासलेलं आहे. नाळ गळून पडल्यावर आंघोळ तुमची, रोज, कुणी कितीही म्हणालं ‘तुला जमायचं नाही गो’ तरी. न्हाऊ घालणाऱ्या बाईकडून आठवडाभर शिकून घ्या. बाळाला शेगडीची धुरी मात्र देऊ देऊ नका, नव्या फुफ्फुसांना तो धूर वाईट. रात्रीचं एक पाजणं झाल्यावर ढेकर काढणं आणि झोपवणं तुमचं. जोडीदाराला तेवढी चार तास सलग झोप मिळेल, आणि त्या झोपेची किंमत पुढे कळेल.

आणि रजा. मातृत्व रजेचे 26 आठवडे कायद्याने तिला आहेत, तुम्हाला नाहीत. साठवलेली रजा असेल तर ती पहिल्या पंधरवड्यात घालवू नका, त्या वेळी घर माणसांनी भरलेलं असतं. सहाव्या आठवड्यानंतर, आजी परत गेली की, घ्या. घर खरं तेव्हा रिकामं होतं.

आता तिच्या शरीराचं, कारण त्याची झळ तुम्हालाही लागणार. गरोदरपणात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन एरवी कधीच नसतात इतके चढतात, प्रोलॅक्टिन दिवस भरेपर्यंत सुमारे दहापट होतं. वार पडली की पहिले दोन काही दिवसांत कोसळतात. प्रोजेस्टेरॉन उतरलं म्हणूनच दुसऱ्या ते चौथ्या दिवशी दूध भरतं, आणि साधारण त्याच दिवसांत ती विनाकारण रडते. अर्ध्याहून अधिक बाळंतिणींना हे होतं, पंधरा दिवसांच्या आत ओसरतं. त्या दिवसांत ती तुम्हाला काही लागेल असं बोलली तर मनात ठेवू नका. पंधरा दिवसांनंतरही चालूच असेल तर मात्र ते वेगळं.

एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून सांगते. अंगावर पाजत असेपर्यंत इस्ट्रोजेन खाली राहतं, त्यामुळे योनीत कोरडेपणा येतो, जवळीक दुखते, इच्छाही मावळते. नवरा-बायकोत याला ‘आता ती आई झाली’ म्हणून माफी असते. दोन बायकांच्या घरात मी याचा अर्थ फार लवकर ‘मी आता नकोशी झाले’ असा लावलेला पाहिला आहे. हा पाजण्याच्या हार्मोनचा परिणाम आहे, वंगण किंवा डॉक्टरने लिहून दिलेलं स्थानिक इस्ट्रोजेन मलम यावर पुरतं.

थायरॉइड विसरू नका. साधारण शंभरातल्या पाचजणींना बाळंतपणानंतर थायरॉइडची सूज येते. पहिल्या चार महिन्यांत छाती धडधडणं, घाम, वजन उतरणं. मग चौथ्या ते आठव्या महिन्यात उलट, थकवा, सुस्ती, केस गळणं, मन खाली. घरात सगळे म्हणतात ‘जागरण आहे’. तिची टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यात करून घ्या. तुमच्या त्या लांबलचक यादीपेक्षा ही एक तपासणी मोलाची, आणि ती तुमची नव्हे, तिची.

मनाच्या आजारावर गोव्याचाच आकडा आहे आणि तो जगभर उद्धृत होतो. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गोव्यातल्या जिल्हा रुग्णालयात नाव घातलेल्या गरोदर बायकांना बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी तपासलं, तेव्हा 23 टक्के बायकांना नैराश्य होतं. त्यांच्यातल्या 78 टक्के जणींना गरोदरपणातच मनाचा त्रास सुरू झाला होता. कारणं हार्मोनच्या पलीकडची होती: पैशाची ओढाताण, नवऱ्याची मारहाण, मुलगी झाली म्हणून आलेली निराशा. तुमच्या घरात यातली काही नसतीलही, पण त्यांच्या जागी दुसरी आहेत. माहेरचं तुटलेलं येणं-जाणं, शेजाऱ्यांपासून लपवलेलं नातं, हॉस्पिटलच्या खिडकीवर दर वेळी ‘घोव खंय?’ (नवरा कुठे?) ह्या प्रश्नाला द्यायचं उत्तर. गोवा लहान. इथे कुणी ना कुणी ओळखीचं निघतंच, आणि त्याचा ताण नऊ महिने चालू असतो.

एडिनबरा प्रश्नावली नावाचा दहा प्रश्नांचा कागद असतो, मागच्या सात दिवसांबद्दल विचारतो. तो तिच्याकडून सातव्या महिन्यात एकदा, सहाव्या आठवड्यात एकदा भरून घ्या. आणि तुम्हीही भरा. बापांमध्ये साधारण दहातल्या एकाला हा त्रास होतो, आणि तुमच्यावर तर बापाचा भार आहे नि बापाला मिळणारा मान नाही. गुण 13 किंवा त्याहून जास्त आले, किंवा जिवाचं बरंवाईट करण्याच्या दहाव्या प्रश्नाला शून्य सोडून दुसरं काहीही उत्तर आलं, तर बांबोळीच्या मनोविकार संस्थेत दाखवा. रात्रीअपरात्री बोलायचं असेल तर टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक आहे. आणि ती दोन-तीन रात्री अजिबात झोपली नाही, भलतंसलतं बोलू लागली, बाळाबद्दल विचित्र संशय घेऊ लागली, तर वाट पाहू नका, त्याच दिवशी न्या. हे हजारात एक-दोघींना होतं, पण होतं तेव्हा तासांचा प्रश्न असतो.

दुधाचं. हो, न बाळंत होता दूध आणता येतं. दत्तक घेणाऱ्या आयांमध्ये आणि दोन आयांच्या घरांतही ते झालेलं आहे. पद्धत अशी की काही महिने इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या देऊन शरीराला गरोदरपणाचा भास निर्माण करायचा, बाळ येण्याच्या महिना-दीड महिना आधी त्या थांबवायच्या, मग प्रोलॅक्टिन वाढवणारं डॉम्परिडोन आणि पंपाने दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, दूध ओढायचं. तुमच्या हातात चार महिने आहेत, वेळ पुरेसा आहे. पण ऐका. पूर्ण पुरेल इतकं दूध थोड्याजणींनाच येतं, बहुतेकींना दिवसाचा काही हिस्सा. अर्धशिशीत डोळ्यांपुढे चमकत असेल, पायात रक्ताची गाठ होऊन गेली असेल, सिगरेट ओढत असाल तर इस्ट्रोजेनच्या गोळ्या नकोत. डॉम्परिडोन मेडिकलवाला सहज देतो, म्हणून ते निरुपद्रवी होत नाही. हृदयाचे ठोके बिघडू शकतात, त्यामुळे आधी ईसीजी काढा, आणि त्यावर फ्लुकोनाझोल किंवा एरिथ्रोमायसिनसारखं औषध कुणी लिहिलं तर आधी विचारा. एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बीची तपासणी तुमचीही व्हायला हवी. शतावरीने तेवढं दूध येईल असं मी तरी सांगणार नाही.

माझं मत विचाराल तर पहिला महिना तिला पाजू द्या. दूध ओढलं जातं तेवढंच बनतं; बाळ तुमच्याकडे ओढू लागलं तर तिचं आटायला लागेल, आणि चीक तिच्याकडेच आहे. तुम्हाला ती जवळीक हवी असेल तर तिचं काढलेलं दूध बारीक नळीने तुमच्या स्तनाशी चिकटवून पाजता येतं. त्याला गोळी लागत नाही, रात्री पंप लागत नाही.

हार्मोन ‘लागत’ नाहीत. एकत्र राहणाऱ्या बायकांच्या पाळ्या जुळतात असं 1971 च्या एका प्रसिद्ध अभ्यासात म्हटलं होतं, पुढे काटेकोर तपासल्यावर ते टिकलं नाही. तिची मळमळ बघून तुम्हाला मळमळलं असेल तर ती सोबत आहे, रक्तातलं काही नाही.

दोन पुरुषांची घरं असणाऱ्यांनाही वरचं बहुतेक सगळं लागू आहे, रस्ता तेवढा अरुंद आहे. 2021 च्या सरोगसी कायद्यात त्यांना जागा नाही. दत्तक घ्यायचं तर दोघांपैकी एकानेच, एकटा पुरुष म्हणून, आणि एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक मिळत नाही.

आता कागद, डॉक्टरच्या अखत्यारीबाहेरचे, तरी. 2018 साली कलम 377 मधून तुमचं नातं गुन्हा राहिलं नाही, पण ऑक्टोबर 2023 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने लग्नाची मान्यता दिली नाही. जोडीदाराने उपचार घेतले ते कायद्याच्या नजरेत एकटी स्त्री म्हणून. जन्मदाखल्यावर आई म्हणून तिचं नाव येईल; अविवाहित आईला बापाचं नाव न देता दाखला मिळतो, 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केलं आहे. तुमचं नाव त्यावर येणार नाही. प्रसूतीच्या वेळी कुणाला आत घ्यायचं, कुणाशी बोलायचं, हे तिने आठव्या महिन्यात हॉस्पिटलला लेखी देऊन ठेवावं. पोचपावती घ्यावी. मालमत्तेचं आणि तिला काही झालं तर बाळ कुणाकडे राहील याचं मृत्युपत्र करताना गोव्याचाच वकील गाठा. इथे वारसा पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेल्या नियमांनी चालतो, मूल असेल तर मुलाचा, मूल नसेल आणि आई-वडील हयात असतील तर त्यांचा हिस्सा राखीव असतो, आणि मुंबईच्या वकिलाने लिहून दिलेला नमुना इथल्या नोटरीपुढे अडतो.